पहिलं कनेक्शन का सुटत नाही?

(टेंभुर्णी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे; भाषा शक्यतो वक्त्याचीच ठेवली आहे.)

 

सुरुवातीला एक काम करू. ज्यांचा मोबाइल नंबर दहा वर्षांपासून तोच आहे, त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. आता यातल्या ज्यांनी नंबर तोच ठेवून मधे कंपनी बदलली, त्यांनी हात खाली घ्या. निम्मे खाली आले. आता तिसरा प्रश्न. घरात वायरचं इंटरनेट आहे आणि ते पहिल्यांदा ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडूनच आजही आहे, असे किती? मागच्या रांगेतल्या आजोबांनी तर दोन्ही हात वर केलेत. (हशा)

आजचा विषय हाच आहे. नवशिक्या माणसाला सोपं म्हणून जे इंटरनेट पहिल्यांदा मिळतं, त्याला तो पुढे चिकटून का राहतो? बाजारात स्वस्त आलं, वेगवान आलं, तरी का हलत नाही? यावर एक तयार उत्तर असतं, आणि ते बहुतेक वेळा शहाण्या पुतण्याने दिलेलं असतं : म्हातारी माणसं घाबरतात, आळस करतात, त्यांना कळत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. कळत नाही म्हणून लोक असं वागतात, हे उत्तर ऐकलं की मला शंका येते. शेतकरी सुधारत नाही, बायका बँकेत जात नाहीत, गावकरी लस घेत नाही, या सगळ्याला हेच उत्तर देऊन झालं आहे. कागद उघडले की बहुतेक वेळा निघतं ते वेगळंच.

आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ. लगेच परत येतो, चहाच्या आत.

३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत एओएल नावाच्या कंपनीने आपली डायल-अप सेवा बंद केली. डायल-अप म्हणजे फोनच्या वायरीवरून, मॉडेम किंचाळत जोडलं जायचं ते इंटरनेट. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना तो आवाज आठवत असेल. ही सेवा २०२५ पर्यंत चालू होती, म्हणजे तिचे पैसे कोणीतरी भरत होतं. नव्वदच्या दशकात ही कंपनी मोठी झाली ती नवशिक्यांच्या जिवावर. टपालाने घरोघर सीडी यायची, मासिकात चिकटवलेली यायची. सीडी घातली की एक खिडकी उघडायची आणि तिच्यातच बातम्या, गप्पा, पत्रं, सगळं. पत्र आलं की एक पुरुषी आवाज तुम्हाला पत्र आलंय असं सांगायचा. कॉम्प्युटरवाले लोक हसायचे, हे काय खरं इंटरनेट आहे का म्हणून. पण २००२ च्या सुमाराला एकट्या अमेरिकेत तिचे अडीच कोटींहून जास्त ग्राहक होते.

आता मुद्द्याची गोष्ट. २००६ साली या कंपनीने ईमेल फुकट केलं. म्हणजे कनेक्शन सोडलं तरी तुमचा पत्ता तुमच्याकडे राहणार. तोवर आपण म्हणू शकत होतो की पत्ता जाईल म्हणून लोक सोडत नाहीत. पण त्यानंतरही लाखो लोक दरमहा पैसे भरत राहिले. २०११ साली केन ऑलेटा या पत्रकाराने न्यूयॉर्कर साप्ताहिकात लिहिलं की, कंपनीच्याच एका माजी अधिकाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे या ग्राहकांपैकी पाऊण लोकांना ती सेवा लागतच नव्हती. त्यांच्या घरात केबलचं वेगवान इंटरनेट आलेलं होतं. तरी जुनं बिल चालू. आणि कंपनीचा बराचसा नफा त्याच बिलांमधून येत होता.

हे लक्षात ठेवा. तात्यांच्या गोष्टीत ते पुन्हा लागणार आहे. आता परत येऊ.

आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, ही सरकारी कंपनी. सुरुवात मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे. दर ऐका. चित्रं दिसतील असं पूर्ण खातं घ्यायचं तर वर्षाला १५,००० रुपये, आणि त्यात २५० तास. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं होतं, पण त्यावर नुसती अक्षरं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, चित्र नाही, माउस नाही. अमेरिकेत सीडी घातली की आवाज स्वागत करत होता, आणि इथे अर्ज भरा, रांगेत थांबा, आणि मग काळा पडदा. नवशिक्याचा विचार या व्यवस्थेत कुठेच नव्हता.

आणि टेंभुर्णीतून? टेंभुर्णीतून लावायचं तर मुंबई-पुण्याचा ट्रंक कॉल पडणार. एक पत्र पाठवायला एसटीडीचं मीटर फिरणार. म्हणजे आपल्यासाठी १९९५ हे साल इंटरनेटचं नव्हतंच.

मग टेंभुर्णीत त्या वर्षी काय होतं? एसटीडी बूथ होता.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या इंटरनेटचा इतिहास या बूथपासून सुरू करायला हवा. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, सॅम पित्रोदा तिच्यामागे होते. तिने १२८ लाइनचं लहान ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. त्याला एसी लागत नव्हता, धूळ आणि ऊन चालायचं. पहिलं बसलं कर्नाटकात कित्तूरला, १९८६ साली. पाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे बूथ आले. आपलं गाव रेल्वेवर नाही, स्टेशन कुर्डुवाडीला. आपलं गाव रस्त्यावर जगतं. पुणे-सोलापूर हायवे, इकडे पंढरपूर, तिकडे करमाळ्यावरून नगर. ट्रकवाले, वारकरी, पुढे एमआयडीसीतले कामगार. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, तेव्हा बूथवर गर्दी.

आणि आठवून बघा, फोन कोण लावायचं? आपण नाही. आपण चिठ्ठी पुढे करायचो. बूथवाला नंबर फिरवायचा, लागला नाही तर परत फिरवायचा, लागला की रिसीव्हर हातात द्यायचा, आणि समोर लाल आकडे पळायला लागले की खुणेने सांगायचा, आवरा. पुष्कळांचे नंबर त्याच्या वहीत लिहिलेले असायचे. "पुण्याच्या पोराला लाव" एवढं म्हटलं तरी चालायचं. बूथचं परवाना-वाटप करताना अपंगांना, माजी सैनिकांना प्राधान्य असायचं, त्यामुळे त्या माणसाचं सगळं जगणं त्या काचेच्या खोक्यात असायचं. तो कुठे जाणार नव्हता. अमेरिकेत सोपेपणा सीडीत भरून घरी आला. आपल्याकडे तो खुर्चीत बसलेला होता. त्याला नाव होतं, गाव होतं, आणि कधी उधारीसुद्धा चालायची.

पुढची पंधरा-वीस वर्षं यंत्रं बदलत गेली, पण ही रचना बदलली नाही.

नोव्हेंबर १९९८ मध्ये व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली आणि खाजगी कंपन्यांना परवाने सुरू झाले. सत्यम इन्फोवे ही त्यातली पहिली. परवान्यांचे तीन वर्ग केले होते. अ वर्ग सगळ्या देशासाठी, ब वर्ग एका राज्याच्या आसपासच्या सर्कलसाठी, आणि क वर्ग एका टेलिफोन जिल्ह्यापुरता. हा क वर्ग कोणाच्या फार लक्षात आला नाही. पण एखाद्या तालुक्याच्या गावातला माणूसही इंटरनेटचा धंदा करू शकतो, ही कल्पना कायद्यात तिथून आली. ती पुढे कामाला येते.

१ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल झालं. संचारनेट नावाने त्यांचं डायल-अप आलं, आणि मग नेटवन. नेटवनला अर्ज नाही, खातं नाही. १७२ ने सुरू होणारा नंबर मॉडेमवरून फिरवायचा, पैसे फोनच्या बिलात. कागदावर ही देशातली सगळ्यात सोपी सेवा म्हणायला हरकत नाही. पण तो नंबर कॉम्प्युटरमध्ये कुठल्या चौकटीत टाकायचा, हे सांगणारा कोणीतरी लागायचाच. आणि सगळं इंग्रजीत. मराठी टाइप करायचं तर श्रीलिपीचा एक फॉन्ट, शिवाजीचा दुसरा. एका मशीनवर लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं की किडामुंग्या. सांगणारा कोण असायचा? कधी लाइनमन, कधी एमएस-सीआयटीच्या क्लासचे सर. एमएस-सीआयटी हा कोर्स सुरू झाला तो याच काळात, आणि सरकारी नोकरीला तो लागायला लागल्यावर तालुक्या-तालुक्यात क्लास निघाले. त्या क्लासमध्ये जे कनेक्शन असायचं, तेच विद्यार्थ्याला इंटरनेट वाटायचं. घरी घेताना तो तेच मागायचा. यात वेडेपणा काय आहे? सायकल ज्या सायकलवर शिकलो तशीच आपण घेतो.

१४ जानेवारी २००५ ला बीएसएनएलचं डाटावन ब्रॉडबँड आलं. २५६ केबीपीएस, म्हणजे आजच्या हिशेबाने गोगलगाय, पण फोन एंगेज न होता चालायचं, हे तेव्हा केवढं वाटलं! एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी नसायची. पहाटे दोनचा गजर लावून उठणारी पोरं मी पाहिली आहेत, अभ्यासाला नव्हे, डाउनलोडला. (हशा) मॉडेम बसवायला कोणीतरी यायचं, युजरनेम-पासवर्ड टाकून द्यायचं, आणि जाताना कॅलेंडरच्या मागे स्वतःचा मोबाइल नंबर लिहून जायचं. पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसायचा. लोकांना माहीत असायचा तो नंबर. बंद पडलं की कंपनीला नाही, त्या नंबरला फोन.

आता मी वारणेला जातो, कारण ही गोष्ट तिथे मोजून पाहिली गेली आहे, आणि ऊस आपल्या दोघांच्याही ओळखीचा.

१९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला एक प्रयोग सुरू झाला. भोवतालच्या सत्तर गावांत कॉम्प्युटरची केंद्रं टाकायची आणि ती कारखान्याला जोडायची. त्या वेळी देशभर गाजलेला प्रयोग. स्वप्न मोठं होतं : शेतकऱ्याला बाजारभाव, पिकांची माहिती, जमिनीचे कागद, सगळं पडद्यावर मिळेल. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी जाऊन पाहिलं, तर केंद्रं चालत होती, पण कशासाठी? उसासाठी. किती नोंद झाली, किती टन गेला, खत किती उचललं, बिल कधी. बाकीचं जवळपास कोणी विचारत नव्हतं. आणि कॉम्प्युटरला शेतकरी हात लावत नव्हता. तिथे बसलेल्या मुलाला विचारत होता. मग २००६-०७ च्या सुमाराला त्यांनी सात गावांत कॉम्प्युटर काढून साधा मोबाइल ठेवला. तीच माहिती एसएमएसने. काम भागलं, खर्च घटला.

या निकालातून कोणी म्हणेल, बघा, शेतकऱ्याला इंटरनेट नकोच होतं. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याने जे धरून ठेवलं होतं ते कॉम्प्युटर नव्हतं, तेव्हा कॉम्प्युटर गेला तरी त्याचं काही बिघडलं नाही. त्याने धरलं होतं ते उसाचं बिल समजण्याचं ठिकाण. ठिकाण हललं, तसा तोही हलला. आळशी, घाबरट माणूस असं हलत नाही.

हाच धागा मोबाइलवर घेऊन येतो.

मोबाइलमध्ये आपण सगळे पहिल्या नंबराला बांधलेले होतो. लग्नपत्रिकेवर तो, सोसायटीच्या रजिस्टरवर तो, कारखान्याच्या नोंदीत तो. कंपनी कितीही वाईट असो, नंबर तिचा. मग २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर पोर्ट करण्याची सोय झाली. हरियाणात ती दोन महिने आधी आली होती. १९०० ला एक एसएमएस टाकायचा, कोड येतो, तो घेऊन दुसऱ्या दुकानात जायचं. आणि लोक गेले. मघाशी निम्मे हात खाली आले, ते याच सोयीमुळे. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा लाखो लोक पोर्ट करून बीएसएनएलकडे गेले; पुढच्या काही महिन्यांत त्यातले बरेच रेंजला कंटाळून परतही आले. यात निष्ठा कुठे दिसते? भीती तरी कुठे दिसते? नंबर बरोबर येतो म्हटल्यावर माणूस दोन्ही दिशांना हिशेबाने चालतो.

आणि जिओचं बघा. ५ सप्टेंबर २०१६. त्याआधी १ जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे, आणि आता काही महिने सगळं फुकट. सगळ्यांनी घेतलं. पण पहिलं कार्ड टाकून दिलं का? नाही. दोन सिमचे फोन होतेच. पहिलं कार्ड वरच्या खाचेत, जिओ खालच्या. बँकेचा ओटीपी वर, यूट्यूब खाली. (हशा) आपल्या माणसाने सोडलं नाही, जोडलं. पुढे २०१८ च्या शेवटी काही कंपन्यांनी निदान ३५ रुपयांचा रिचार्ज मारल्याशिवाय इनकमिंगसुद्धा चालू ठेवणार नाही म्हटलं, तेव्हा त्या वरच्या खाचेचं भाडं सुरू झालं. ते वाढतच गेलं. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायला नियम करावा लागला की, ज्याला डेटा नको त्याला नुसता कॉल आणि एसएमएसचा पॅक विकत मिळाला पाहिजे. हा नियम कोणासाठी झाला? नंबर जिवंत ठेवण्यापुरते पैसे भरणाऱ्या लाखो माणसांसाठी. आपल्या आयांसाठी, आज्यांसाठी.

मधे एक वळण येऊन गेलं, ते सांगायलाच हवं. २०१५ साली फेसबुकने इंटरनेट डॉट ऑर्ग आणलं, पुढे त्याला फ्री बेसिक्स म्हणाले. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सिमवर, सुरुवातीच्या सर्कलमध्ये महाराष्ट्रही होता. नवशिक्यांसाठी काही ठरावीक साइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. बाजूने बोलणारे म्हणत होते, गरिबाला निदान दार तरी उघडेल. विरोधक म्हणत होते, दार उघडेल, पण आतल्या खोल्या तुम्ही ठरवणार. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने निकाल दिला की, मजकुराप्रमाणे वेगळे दर लावता येणार नाहीत. माझं मत सांगतो : निकाल बरोबर होता. नवशिक्या माणूस पहिल्या खोलीतच संसार थाटतो, हे एओएलने आधीच दाखवलं होतं. पण दिल्लीतल्या वादात एक गोष्ट कोणी नीट बोललं नाही. फुकट खोली बंद केली, ठीक. मग पहिल्यांदा येणाऱ्याला हात धरून आत कोण नेणार? त्याचं उत्तर निकालात नव्हतं. ते पोटच्या पोरांवर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर आणि सेवा केंद्रांवर सोडून दिलं.

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आपल्याच माढा तालुक्यात निघालं. परितेवाडी. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकावर क्यूआर कोड छापले. पालकाच्या फोनने कोड टिपला की धडा, कविता, प्रश्न समोर. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं, आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे तुम्हाला माहीतच आहे. मला इथे त्यातली एक लहान गोष्ट दाखवायची आहे. पत्ता टाइप करायला नको, इंग्रजी यायला नको, म्हणजे एओएलच्या सीडीइतकंच सोपं. पण हा सोपेपणा पुस्तकावर छापलेला आहे, कनेक्शनवर नाही. सिम कोणाचंही असो, कोड तोच. उद्या कंपनी बदलली तरी पोराचा धडा जात नाही. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही हे कोड आले. दुकानातला पैशाचा कोडही तसाच. गिऱ्हाइकाचं ॲप कुठलंही असो, पैसे येतात.

म्हणजे सोपं असणं माणसाला बांधतं, असं नाही. सोपेपणा ठेवलाय कुठे, यावर ते ठरतं. नंबरात ठेवला आणि नंबर कंपनीचा असला, तर माणूस कंपनीचा. पुस्तकात ठेवला, तर माणूस मोकळा. आणि माणसात ठेवला तर? तिथे जरा अवघड आहे. ते सांगतो.

वायरचं इंटरनेट आज आपल्या गावांत आणतं कोण? पुष्कळ ठिकाणी केबलवाला. १९९१-९२ नंतर, स्टार आणि झी आल्यावर, ज्याने गच्चीवर छत्री लावली आणि खांबाखांबांवरून वायरी ओढल्या, तोच माणूस किंवा त्याचा मुलगा. डीटीएच आलं, मग सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली, आणि त्याचं गिऱ्हाईक गळायला लागलं. त्याच्याकडे उरलं काय? खांब, आणि घराघराची ओळख. त्याने त्याच खांबांवरून फायबर ओढलं. कधी स्वतःच्या परवान्यावर, कधी मोठ्या कंपनीचा भागीदार म्हणून. बीएसएनएलचं फायबरसुद्धा पुष्कळ ठिकाणी असाच स्थानिक माणूस घरापर्यंत आणतो आणि बिलात त्याचा वाटा असतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आल्या, रेंजसाठी पोरं पाण्याच्या टाकीवर चढायला लागली, तेव्हा या लोकांनी रात्रीचा दिवस केला. त्यांचं कौतुक कोणी फारसं केलं नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

आता तात्या. माझे थोरले चुलते, वय ब्याऐंशी. घरात जुनं, तांब्याच्या वायरीवरचं ब्रॉडबँड. कंपनीचं नाव घेत नाही, घरातली गोष्ट आहे. लॉकडाऊनमध्ये केबलवाल्या पोराने फायबर दिलं, दहापट वेगाचं आणि स्वस्त. जुनं तरीही चालूच. तीन वर्षं दोन्ही बिलं. मला कळलं तेव्हा मी शहाण्या पुतण्यासारखाच बोललो : "तात्या, कशाला पैसे घालवताय?"

तात्या म्हणाले, "अरे, तो फोन बंद केला आणि कुणाचा आला तर?"

"कुणाचा येणार तात्या? तीन वर्षांत आलाय का?"

"नाही आला. पण तो नंबर आक्काला पाठ आहे."

आक्का म्हणजे त्यांच्या धाकट्या बहीण, बार्शीला असतात. त्यांना दिसत नाही. बोटांनी चाचपून त्यांना एकच नंबर लावता येतो, आणि तो लँडलाइनचा. लँडलाइनचा नंबर पोर्ट होत नाही, बरं का. ती सोय आपल्याकडे मोबाइलपुरतीच झाली. मी गप्प बसलो. ऑलेटाने लिहिलेल्या त्या पाऊण ग्राहकांमध्ये किती जणांची कोणी आक्का असेल, हे कुठल्याच ताळेबंदात दिसणार नाही.

पण हळवं होऊन कंपनीला सोडून देऊ नका. मी नंतर त्यांच्या कार्यालयात गेलो आणि विचारलं की, नुसता फोन ठेवून इंटरनेट काढता येईल का? येईल म्हणाले. कधीपासून? पहिल्यापासून. मग तीन वर्षांत एकदाही सांगितलं का नाही? तर म्हणे, ग्राहकाने अर्ज करायला पाहिजे. अर्ज केला, तर डिपॉझिटची मूळ पावती मागितली, वीस वर्षांपूर्वीची. मॉडेम घ्यायला एक अर्ज, परत करायला तीन. घेताना जो सोपेपणा होता तो सोडताना कुठे जातो? या व्यवस्था दारातून आत घेताना जेवढ्या नवशिक्यांच्या असतात, तेवढ्या बाहेर सोडताना नसतात. अमेरिकेतही नव्हत्या. चिकटून राहण्याचा निम्मा इतिहास या दाराचा आहे, आणि तो नवशिक्याच्या डोक्यावर फोडला जातो.

(प्रश्नोत्तरांतून)

एका ताईंनी विचारलंय : माझ्या सासूबाईंना नवीन कनेक्शन घेऊन द्यायचंय, स्वस्तातलं घेऊ की केबलवाल्याकडचं?

ताई, दर विचाराच, पण आधी विचारा की बंद पडल्यावर येणार कोण आणि बंद करायचं झालं तर कागद काय लागणार. दोन्ही आजच लिहून घ्या. पासवर्ड सासूबाईंच्या वहीत, त्यांच्या अक्षरात, मराठीत. आणि महत्त्वाचं काही कंपनीच्या ईमेल पत्त्यावर ठेवू नका.

दुसरा प्रश्न मागच्या आजोबांचा आहे, दोन्ही हात वर करणाऱ्या. ते विचारतायत, तो केबलवाला पोरगा सोडून गेला तर?

आजोबा, गेला. आमच्याकडचा गेल्या दिवाळीत गेला. चाकणला नोकरी लागली, नेटवर्क दुसऱ्याला देऊन टाकलं. नव्या माणसाचा नंबर तात्यांच्या कॅलेंडरवर आहे, मीच लिहिलाय. पण नेट गेलं की तात्या अजून जुन्यालाच फोन लावतात. तो तिकडे कंपनीत शिफ्टवर असतो. जेवणाच्या सुट्टीत परत फोन करतो आणि विचारतो, "तात्या, डब्यावरचा दिवा लाल आहे का हिरवा?" तात्या उठून बघतात आणि सांगतात. मग तोच पोरगा चाकणवरून नव्या माणसाला फोन करतो, आणि नवा माणूस शिडी घेऊन येतो.